लेक सेंदाईला, जीव टांगणीला

पत्र

नमस्कार मॅडम,

मी कर्वेनगरला राहते. वय 59. माझी एकुलती एक मुलगी आणि जावई चार वर्षांपासून जपानमध्ये सेंदाई शहरात आहेत. दोघंही इथं पुण्यात जपानी भाषा शिकली आणि नोकरीसाठी तिकडे गेली. मुलीला आता पाचवा महिना सरत आलाय. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं असं मला वाटतं. ती म्हणते, मी इथंच करणार, तूच ये.

30 जुलैला सकाळी टीव्ही लावला तर खाली पट्टी फिरत होती, रशियाजवळ मोठा भूकंप, जपानला त्सुनामीचा इशारा, फुकुशिमाच्या अणुप्रकल्पातून कामगारांना बाहेर काढलं. माझे हातपाय गळाले. दिवसभरात मी तिला सतरा मेसेज पाठवले. गळ्याला आयोडीनचं औषध लाव, पावसात भिजू नकोस, मासे खाऊ नकोस, मिळेल ते तिकीट काढून निघ. संध्याकाळी तिचा निरोप आला, "आई, मी ठीक आहे. पण तुझे मेसेज पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो. प्लीज थांब." तेव्हापासून फोनवर मोजकंच बोलते.

आमचे हे म्हणतात, मी उगाच घर डोक्यावर घेते. पण 2011 मध्ये तिथं काय झालं ते सगळ्या जगानं पाहिलंय. शिवाय आमचं सासरचं गाव राजापूर तालुक्यात, जैतापूरच्या जवळ. तिथं सासूबाई आहेत, 86 वर्षांच्या. तिथंही अणुप्रकल्प येणार म्हणतात. मी चुकतेय का? मुलीला बोलावून घेऊ का?

एक आई, कर्वेनगर

उत्तर

ताई,

मेसेज सतरा होते, हे तुम्ही मोजून लिहिलंत. म्हणजे लेकीचं बोलणं तुमच्या मनाला लागलंय, आणि ते का लागलं हेही तुमचं तुम्हाला कळलंय. त्यामुळे त्यावर मी तुम्हाला बोल लावणार नाही.

आधी तुमच्या यजमानांशी बोलते. तुमच्या पत्नीची भीती उगाच नाही. मी सत्तावीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. मार्च 2011 मध्ये रोज रात्री फुकुशिमाच्या अपघाताचे आकडे वाचत बसायचे, तेव्हा माझीही झोप उडाली होती. तिथल्या तीन अणुभट्ट्यांमधलं इंधन पहिल्या काही दिवसांतच वितळलं होतं, पण प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीनं ते उघडपणे मान्य करायला मे महिना उजाडला. किरणोत्सर्गी ढग वाऱ्याबरोबर कुठल्या दिशेला जाईल याचा अंदाज सांगणारी संगणकाची यंत्रणा सरकारकडे होती. तिचे नकाशे लोकांपर्यंत वेळेत पोचले नाहीत. जवळच्या नामिए गावची माणसं घरदार सोडून ज्या बाजूला गेली, वारा नेमका त्याच बाजूला वाहत होता. ज्यांनी सांगायचं त्यांनीच लपवलं, की मग लोक कुणाच्याही सांगण्यावर विश्वास ठेवतात. तुमचे सतरा मेसेज तिथून आलेत. म्हणून यजमानांना माझं कळकळीचं सांगणं आहे, "तू उगाच घाबरतेस" हे वाक्य घरात पुन्हा म्हणू नका. त्यानं कुणाची भीती गेलेली मी पाहिलेली नाही.

आता तुमच्याकडे येते. गळ्याला औषध लावायचा जो मेसेज तुम्ही पुढे पाठवलात, तो मी ओळखते. मार्च 2011 मध्ये बीबीसीच्या नावानं तो आशियाभर फिरला होता. चोवीस तास घराबाहेर पडू नका, दारं-खिडक्या बंद ठेवा, गळ्याला बीटाडीन लावा. तो आमचा नाही, असं बीबीसीनं तेव्हाच जाहीर केलं होतं. जखमेवर लावायचं आयोडीन गळ्याला चोपडून गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचं रक्षण होत नाही. अपघाताच्या वेळी देतात त्या पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या असतात, पोटात घ्यायच्या, आणि त्याही सरकारनं सांगितलं तरच आणि सांगितल्या वेळीच. जपानमध्ये चालू अणुप्रकल्पाच्या पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना त्या आधीच देऊन ठेवतात. तुमच्या लेकीला आज त्यांची गरज नाही. का नाही, ते नीट सांगते. "काळजी करू नका" एवढंच म्हटलं तर मीही तुमच्या यजमानांच्याच ओळीत जाऊन बसेन.

11 मार्च 2011 ला दुपारी पावणेतीनच्या सुमारास 9 तीव्रतेचा भूकंप झाला. फुकुशिमा दाइइची प्रकल्पात सहा अणुभट्ट्या, त्यांतल्या तीन चालू होत्या. हादरा बसताच तिन्ही आपोआप बंद पडल्या. म्हणजे व्हायला हवं होतं ते झालं. गोची पुढे झाली. स्वयंपाकघरातला कुकर डोळ्यांसमोर आणा. गॅस बंद केला की तो हळूहळू निवतो. पण समजा आतली डाळ स्वतःच उष्णता तयार करत राहिली, तर? अणुइंधनाचं असंच असतं. भट्टी बंद केली तरी त्या क्षणी पूर्ण ताकदीच्या सहा-सात टक्के उष्णता आतून निघतच असते. ती तासातासानं कमी होते, पण थांबत नाही. म्हणून बंद भट्टीतसुद्धा पाणी फिरवत राहावं लागतं, आणि पाणी फिरवायला वीज लागते. बाहेरची वीज भूकंपानं गेली होती, डिझेल जनित्रं सुरू झाली होती. पाऊण-एक तासानं समुद्र आला. प्रकल्प साधारण सहा मीटरच्या लाटेचा हिशेब धरून बांधलेला, आलेली लाट चौदा-पंधरा मीटरची. जनित्रं बुडाली, पंप थांबले, इंधन वितळलं आणि त्यातून तयार झालेल्या हायड्रोजननं 12, 14 आणि 15 मार्चला इमारतींचे स्फोट झाले.

एक गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. प्रकल्पाच्या जागेवर मुळात समुद्राकाठचा पस्तीस मीटर उंचीचा कडा होता. बांधताना तो दहा मीटरपर्यंत खाली कापला. जपानी संसदेनं नेमलेल्या चौकशी आयोगानं 2012 मध्ये या अपघाताला मानवनिर्मित म्हटलं, ते मला पटतं.

मग 30 जुलै 2025 ला काय झालं? रशियातल्या कामचात्काजवळ 8.8 तीव्रतेचा भूकंप झाला, जपानच्या किनाऱ्याला इशारा मिळाला. प्रकल्पातल्या सुमारे चार हजार लोकांना उंचावर नेलं आणि समुद्रात सोडण्यात येणारं प्रक्रिया केलेलं पाणी थांबवलं. जपानात पोचलेली सगळ्यात मोठी लाट सव्वा मीटरच्या आसपास होती. टीव्हीवर "फुकुशिमा रिकामं" एवढंच दिसलं आणि तुम्हाला 2011 आठवलं. पण त्या दिवशी माणसं वेळेत वर नेली. 2011 पासून ते शिकलेत, त्याचंच ते चिन्ह होतं.

आणि त्या भट्ट्या आता 2011 च्या राहिलेल्या नाहीत. चौदा वर्षांत आतली उष्णता पार ओसरली आहे. तेव्हा सगळ्यांना ज्याची धास्ती होती ते किरणोत्सर्गी आयोडीन-131, लहान मुलांच्या थायरॉइडमध्ये जाऊन बसणारं, ते दर आठ दिवसांनी निम्मं होतं. तीन महिन्यांत हजारावा हिस्साही उरत नाही. 2011 सालचं आयोडीन आज तिथं शिल्लकच नाही. म्हणजे गळ्याचा तो मेसेज 2011 मध्ये खोटा होता, आणि आज तर ज्याला घाबरायचं ते आयोडीनही नाही. सीझियम-137 हे दुसरं किरणोत्सर्गी द्रव्य मात्र आहे. ते निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात. प्रकल्पाजवळच्या काही भागांत अजून लोकांना राहायला परवानगी नाही ती त्यामुळेच. वितळलेलं इंधन, सुमारे 880 टन, अजून आतच आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये त्याचा पहिला नमुना बाहेर काढला, तो एक ग्रॅमही नव्हता. काम पिढीभर चालेल. हे सगळं खरं आहे, आणि सेंदाई त्या प्रकल्पापासून सरळ रेषेत साधारण 95 किलोमीटर आहे, पुण्याहून साताऱ्याइतकी, हेही खरं आहे. 2011 च्या त्या भयंकर दिवसांतही किरणोत्सर्गामुळे सेंदाई रिकामी करावी लागली नव्हती.

आता एक गोष्ट सांगते ती वाचून तुमच्या छातीत धस्स होईल. तुम्ही फुकुशिमाला घाबरता, पण लेकीच्या शहराला त्याहून जवळचा एक अणुप्रकल्प आहे आणि तो चालू आहे. ओनागावा. सेंदाईपासून सरळ रेषेत साठ किलोमीटरच्याही आत, म्हणजे आपल्या लोणावळ्याइतका. इतकी वर्षं बंद असलेली त्याची एक भट्टी 2024 च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली. तुम्हाला हे कधीतरी दुसरीकडून, अर्धवट आणि रात्री अकरा वाजता कळण्यापेक्षा माझ्याकडून पूर्ण कळलेलं बरं.

2011 च्या भूकंपाच्या केंद्राला फुकुशिमापेक्षा ओनागावा जवळ होता. लाट तिथंही तेरा मीटरपर्यंत चढली. गाव धुऊन निघालं. प्रकल्प मात्र टिकला, कारण तो बांधताना यानोसुके हिराई नावाच्या अभियंत्यानं जुन्या त्सुनामींचा दाखला देत जागा उंच ठेवण्याचा हट्ट धरला होता. प्रकल्प उभा आहे साधारण पंधरा मीटरवर. घरं गेलेले गावकरी त्या रात्री आसऱ्याला कुठे गेले माहीत आहे? प्रकल्पातच. तीनशेहून जास्त माणसं तिथल्या व्यायामशाळेत काही आठवडे-महिने राहिली. एकाच किनाऱ्यावरचे दोन प्रकल्प, एकाच दिवशीचा एकच समुद्र. एका ठिकाणाहून माणसं पळाली, दुसऱ्या ठिकाणी माणसं आसऱ्याला आली. मी अणुऊर्जेची वकिली करत नाही. धोका नेमका कुठे असतो ते तुम्हाला दाखवतेय. जागा किती उंच, जनित्रं कुठे ठेवलीत, संकटात खरं कोण सांगणार, असल्या साध्या प्रश्नांत तो असतो.

बाळाबद्दल बोलते, कारण पत्रात तुम्ही न लिहिलेली खरी भीती तीच आहे. बाळात काही दोष तर राहणार नाही ना? अपघातानंतर खुद्द फुकुशिमा प्रांतातल्या गरोदर बायकांची वर्षानुवर्षं पाहणी झाली. मुदतीआधी जन्मणारी बाळं, कमी वजनाची बाळं, जन्मजात व्यंगं, या सगळ्यांचं प्रमाण उरलेल्या जपानसारखंच निघालं. संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गविषयक शास्त्रीय समितीनं 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तिथल्या रहिवाशांच्या तब्येतीवर किरणोत्सर्गाचा थेट म्हणता येईल असा दुष्परिणाम नोंदला गेलेला नाही, असंच म्हटलंय. तुमची लेक तर त्या प्रांतातही राहत नाही. खाण्याचं म्हणाल तर एप्रिल 2012 पासून जपानात अन्नासाठी किलोमागे 100 बेकरेलची (बेकरेल म्हणजे किरणोत्सर्ग मोजायचं एकक) मर्यादा आहे, दूध आणि तान्ह्या मुलांच्या अन्नासाठी 50, पाण्यासाठी 10. ही मर्यादा कडक आहे. फुकुशिमात कित्येक वर्षं तांदळाचं प्रत्येक पोतं यंत्राखालून जात होतं, प्रत्येक. तिला मासे खाऊ द्या. गरोदरपणात कुठले मासे बेतानं खायचे ते तिची डॉक्टर सांगेल, आणि त्याचं कारण पारा असतं, किरणोत्सर्ग नव्हे.

आता भीतीबद्दल. ताई, त्या दुर्घटनेत किरणोत्सर्गामुळे झालेला म्हणून जपान सरकारनं मान्य केलेला मृत्यू एक आहे, प्रकल्पातल्या एका कामगाराचा, फुप्फुसाच्या कर्करोगानं. भूकंप आणि त्सुनामीनं सुमारे 15,900 माणसं नेली, अडीच हजार अजून सापडलेली नाहीत. आणि फुकुशिमा प्रांतात नंतर दोन हजार तीनशेहून जास्त माणसं अशी गेली की ज्यांना ना लाटेनं मारलं ना किरणांनी. बहुतेक म्हातारी. दवाखान्यांतून, वृद्धाश्रमांतून त्यांना घाईघाईनं बसमध्ये घालून नेलं. अंथरुणाला खिळलेली माणसं तासन् तास बसच्या सीटवर, सलाइन काढलेली, सोबत नर्स नाही, पोचल्यावर थंडगार सभागृह. काही वाटेतच गेली. काही पुढच्या महिन्यांत, घर सुटलं म्हणून. लोकांना हलवायला हवंच होतं, पण कसं हलवायचं याचा विचार आधी कुणी केला नव्हता.

1986 मध्ये चेर्नोबिलचा अपघात झाला तेव्हाचंही सांगते. शेकडो मैल दूर ग्रीसमध्ये, जिथं बाळाला धोका व्हावा एवढा किरणोत्सर्ग पोचलाही नव्हता, तिथं घाबरलेल्या बायकांनी हवी असलेली गर्भारपणं संपवली. काहींना डॉक्टरांनीच तसा सल्ला दिला होता. हे लिहिताना मला जड जातंय, पण गरोदर बाईच्या कानावर आपण काय घालतो याला किती वजन असतं, ते तुम्हाला समजावं म्हणून लिहिलं.

आमच्या घरातलीही एक गोष्ट आहे. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा मी सव्वा वर्षाची होते. आमचा वाडा नारायण पेठेत. आई मला कडेवर घेऊन, आजीचा हात धरून पर्वतीच्या बाजूला एका नातेवाइकांकडे गेली. तिघीही वाचलो. पाणी ओसरलं, लोक चिखल तुडवत आपापली घरं शोधायला परत आले, आणि तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "अजून एक धरण फुटलं!" पुन्हा पळापळ. त्या पळापळीत आजी पडली. मांडीचं हाड मोडलं, आणि ती पुन्हा उठलीच नाही. पुढची सात वर्षं तिची खाट माजघरात होती. तिच्या पायाशी बसून मी धडे गिरवले. आई म्हणायची, पहिल्यांदा पळालो ते पाणी बघून, दुसऱ्यांदा पळालो ते नुसतं ऐकून. ज्यानं आरोळी दिली त्याला तिनं कधी दोष दिला नाही. सकाळी कुणी वेळेत सांगितलं नव्हतं, म्हणून संध्याकाळी सगळे कुणाचंही ऐकत होते.

सांगायचं कसं असतं, याचं मला आवडणारं उदाहरण टोकियोचं आहे. 22 मार्च 2011 ला तिथल्या एका जलशुद्धीकरण केंद्राच्या पाण्यात किलोमागे 210 बेकरेल किरणोत्सर्गी आयोडीन सापडलं. मोठ्यांसाठी मर्यादा 300 होती, तान्ह्यांसाठी 100. दुसऱ्या दिवशी शहरानं आकड्यासकट जाहीर केलं, वर्षाच्या आतल्या बाळांना नळाचं पाणी देऊ नका, बाकीच्यांनी प्यायला हरकत नाही. तान्ही बाळं असलेल्या सुमारे ऐंशी हजार घरांना पाण्याच्या तीन-तीन बाटल्या वाटल्या. दोन दिवसांत आकडा 79 वर आला आणि बंदी उठली, तेही तसंच जाहीर केलं. दुकानांतून पाणी गायब झालं होतंच, घबराट नव्हती असं नाही. पण हातात बाटली असलेल्या आईला कळलं होतं की काय आहे, कुणासाठी आहे आणि आपण काय करायचं.

तुमच्या सतरा मेसेजमध्ये नेमकं हेच नव्हतं. त्यांत तिला विचारलेला एकही प्रश्न नव्हता. सगळे हुकूम होते आणि तिकडची परिस्थिती तुमच्यापेक्षा तीच जास्त जाणत होती. तिच्या फोनवर इशारा तुमच्या टीव्हीच्या आधी वाजलेला असणार.

तेव्हा तिला विचारा. तुमचं घर समुद्रापासून किती लांब आहे, किती उंचावर आहे? 2011 मध्ये सेंदाईचा किनाऱ्याकडचा आराहामा भाग लाटेखाली गेला. तिथल्या प्राथमिक शाळेच्या वरच्या मजल्यांवर आणि गच्चीवर चढलेली 320 माणसं वाचली. ती शाळा आता लोकांना पाहायला जपून ठेवलीय. म्हणजे त्सुनामीत प्रश्न असतो उंचीचा, आणि तो तिला दोन मिनिटांत सांगता येईल. तुमच्या वस्तीचं आसऱ्याचं ठिकाण कुठलं, चालत जाऊन पाहिलंय का? पाठीवर घ्यायची संकटातली पिशवी भरली आहे का, आणि त्यात आई-बाळाची ती नोंदवही, जिला तिथं बोशी तेचो म्हणतात, ती पटकन सापडेल अशी आहे का? त्या वहीत तिच्या गरोदरपणातल्या सगळ्या तपासण्या असतात. घर सोडावं लागलं तर कुठल्याही दवाखान्यात ती वही दाखवली की पुरतं. सातव्या-आठव्या महिन्यात रात्री जमीन हलली तर जावई घरी असेल की कामावर?

हे सगळं एकाच दिवशी विचारू नका. उलटतपासणी होईल.

आणि दोघींमध्ये एक करार करा. तिकडे हादरा बसला की ती एकच शब्द पाठवेल, "ठीक". तुम्ही त्यावर एकच उत्तर द्यायचं आणि मग तिच्या फोनची वाट बघायची. मोठ्या संकटात फोन लागत नाहीत, लाखो लोक एकदम करतात म्हणून. त्या वेळी तुमचे दहा फोन तिची बॅटरी खातात. जपानात 171 क्रमांकावर आपल्या माणसांसाठी निरोप ठेवायची सोय आहे. जावयाला विचारून ती कशी वापरायची ते समजून घ्या. त्या मधल्या तासांत तुम्ही काय कराल, तेही आत्ताच ठरवून ठेवा. माझ्याकडे आलेल्या एका आईनं ठरवलं होतं की वाट बघायची वेळ आली की गहू निवडायला बसायचं. टीव्ही बंद करायचा. तिला त्याचा उपयोग झाला.

बाळंतपण कुठे, हा निर्णय तिचा. माहेरी यावं ही तुमची इच्छा खरी आहे आणि ती तुम्ही बोललात तेही बरं केलंत. पण ती किरणोत्सर्गाच्या नावाखाली पुढे करू नका. "तू इथं असावीस असं मला वाटतं, मला तुझं करायचंय" हे म्हणा. ते खरं आहे, आणि त्यावर ती रागावणार नाही. ती नाही म्हणाली तर तुम्ही जा. व्हिसाचं काम आताच सुरू करा.

जैतापूरचं थोडक्यात लिहिते. तो प्रकल्प अजून बांधलेला नाही, त्यामुळे आज सासूबाईंना त्यापासून काही धोका नाही. आपल्याकडचा त्सुनामीचा अनुभव कल्पाक्कमचा आहे. 26 डिसेंबर 2004 ला समुद्राचं पाणी तिथल्या पंपघरात शिरलं, चालू असलेली भट्टी सुरक्षित बंद केली आणि आठवड्याभरात ती पुन्हा सुरू झाली. जैतापूर प्रकल्पाची जागा म्हणजे माडबनचा सडा, तो समुद्रापासून चांगला उंच आहे. पण उंचीवर समाधान मानून गप्प बसू नका. आपल्या नियमांप्रमाणे अणुप्रकल्पाभोवती सोळा किलोमीटरच्या टापूसाठी आपत्कालीन योजना लागते. उद्या काम सुरू झालं तर गावानं ग्रामसभेत आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी विचारावं, 86 वर्षांच्या अंथरुणावरच्या बाईला कुणी न्यायचं, कुठल्या गाडीतून, कुठल्या रस्त्यानं, आणि तिथं तिच्या औषधांचं काय? पावसाळ्यात घाट बंद असला तर काय? सराव झाला का, तारीख सांगा. प्रकल्प हवा म्हणणाऱ्यांनी हे विचारावं आणि नको म्हणणाऱ्यांनीही. तुमच्या यजमानांचं ते गाव आहे. त्यांनी हे काम अंगावर घेतलं तर तुमची निम्मी काळजी तरी त्यांच्याही वाट्याला येईल.

आज रात्री लेकीला मेसेज करा. भूकंपाचं नाव काढू नका, माफीही लांबण लावून मागू नका. "त्या दिवशी मी फार घाबरले होते, तुला त्रास झाला, आता नाही करणार" एवढी एक ओळ पुरे. आणि तिच्याखाली विचारा, तिकडे विमानातून अळिवाचे लाडू चालतात का, तूप आणि डिंक कितपत आणू देतात, आणि डिसेंबरात तुमच्याकडे बर्फ पडतं तर बाळाला टोपडं लोकरीचं विणू की सुती आत घालून वर लोकरीचं.